काडेपेटीआधीची चूल

तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. घासून पेटणारी काडी इंग्लंडात विकायला आली ती १८२७ साली. मग मधली जवळजवळ दीडशे वर्षं, ऐन पावसाळ्यात, वाटेवरची चूल पेटायची कशी? चकमकीनं! गारगोटीवर पोलाद हाणायचं. पोलादाची ठिणगी जाळून काळ्या केलेल्या कापसावर पडली की हळूच फुंकायचं, मग वाळलं गवत, मग गोवरी. कापूस भिजला की सगळंच अडलं. मग शेजारच्या चुलीतला विस्तव मागून आणायचा. आज आमच्या दिंडीत गॅसची शेगडी आहे. पण मागेल त्याला विस्तव द्यायची ती रीत आपण विझू देऊ नये, एवढंच आमचं मागणं.