केळी, पाव आणि उपासमार: एका रोगाचे कारण सापडण्याची कथा

#इतिहासाचा_धागा

१/१६
१९२४ साली न्यूयॉर्कच्या एका बालरोगतज्ज्ञाने खंगत चाललेल्या मुलांना केळी खाऊ घातली आणि ती मुले सुधारली. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र चुकला होता. त्या चुकीची किंमत अनेक रुग्णांनी पुढे कित्येक वर्षे मोजली. भरल्या ताटासमोर शरीर उपाशी ठेवणाऱ्या सीलिअ‍ॅक रोगाचा हा इतिहास आहे.

२/१६
प्रारंभ बराच मागे आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अरेटियस हा कॅपॅडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. खाल्लेले अन्न न पचता बाहेर पडते आणि रुग्ण क्षीण व निस्तेज होत जातो, अशा विकाराचे वर्णन त्याने करून ठेवले. ग्रीक भाषेत पोटाला ‘कोइलिया’ म्हणतात. रोगाचे आजचे नाव त्यावरूनच आले. १८५६ साली फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांनी अरेटियसचे लेखन इंग्रजीत आणले.

३/१६
१८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात सॅम्युअल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिले. पुढील वर्षी ते छापले गेले. हा रोग सर्व वयांत आढळतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांना तो विशेष गाठतो, असे त्यांनी नोंदवले. रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांचे सूत्र आजही खरे आहे.

४/१६
पण कोणत्या आहाराने? पिठूळ पदार्थ कमी द्यावेत इथवर गी अचूक पोहोचले होते. नंतर मात्र त्यांनी भात, साबुदाणा आणि मक्याचे पीठ वर्ज्य ठरवले आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या पावाच्या पातळ कापांना परवानगी दिली! म्हणजे निरुपद्रवी ते बंद झाले आणि घातक ते पथ्यात आले. त्यांच्या एका बालरुग्णाची प्रकृती डच शिंपल्यांवर उत्तम सुधारली होती. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि दुखणे परतले.

५/१६
या मुलांची लक्षणे वाचताना एक गोष्ट जाणवते. वाढ खुंटणे, हाडे वाकवणारा मुडदूस, फिकटपणा, सुजलेले पोट: यांतील बरेच काही कुपोषणाचे आहे. १९०८ साली अमेरिकेतील ख्रिश्चन हर्टर यांनी या अवस्थेचे वर्णन ‘आतड्यांच्या विकारामुळे खुंटलेले बालपण’ अशा अर्थाने केले. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच कॅझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये घडवला. त्यामुळे नेमके काय कमी पडते आहे, हे सांगायला तेव्हा भाषाही नव्हती.

६/१६
आजच्या ज्ञानाने ते कोडे असे उलगडते. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारे क्षेत्र वाढते. सीलिअ‍ॅक रोगात हे उंचवटे झिजून सपाट होतात. हानी मुख्यतः आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. लोह, कॅल्शियम आणि फोलेट प्रामुख्याने तेथेच शोषले जातात, म्हणून रक्तक्षय आणि ठिसूळ हाडे. मेद न पचल्याने त्यात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही मलावाटे निघून जातात. ब-१२ आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, तरी त्याचीही उणीव काही रुग्णांत आढळते.

७/१६
आता केळ्यांकडे वळू. १९२४ मध्ये सिडनी हास यांनी आपल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. केळ्यांच्या आहारावर ठेवलेली आठ मुले सुधारली होती. या पथ्यात पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व धान्ये निषिद्ध होती. ‘केळ्यांचा आहार’ अमेरिकेत गाजला. मुले खरोखर वाचत होती, मग शंका घेणार कोण?

८/१६
हास यांच्या तर्काचे मूळ पोर्तो रिको बेटावरील एका निरीक्षणात होते. तेथे भरपूर पाव खाणाऱ्या शहरी लोकांना ‘स्प्रू’ नावाचा अशाच लक्षणांचा जुनाट अतिसार होई, तर मुख्यतः केळ्यांवर जगणारे शेतकरी त्यापासून मुक्त असत. हे वाक्य पुन्हा वाचा. पाव आणि केळी, दोन्ही गोष्टी त्यात समोर आहेत. हास यांनी केळी उचलली आणि पाव तेथेच सोडला. काय खाल्ले याकडे त्यांचे लक्ष गेले. काय टाळले गेले, हे नजरेतून निसटले.

९/१६
परिणामी श्रेय केळ्यांना मिळाले आणि गहू निर्दोष ठरला. प्रकृती सुधारली की मूल ‘बरे झाले’ असे समजले जाई आणि नेहमीचे अन्न पुन्हा सुरू होई. बाहेरून मूल धष्टपुष्ट दिसे, आत आतड्याची झीज चालूच राही. हा रोग आयुष्यभराचा आहे, हे त्या सिद्धान्तात बसतच नव्हते.

१०/१६
याच सुमारास कथेचा एक धागा आपल्या मुंबईत विणला जात होता. १९२८ मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश संशोधक येथे आल्या. गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांमध्ये तीव्र रक्तक्षय आढळत होता आणि त्याचे कारण त्या शोधत होत्या. काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. या स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास करून विल्स यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला. गुण विलक्षण आला. १९३१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

११/१६
त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून फोलिक आम्ल वेगळे करण्यात आले. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’. उपचार न झालेल्या सीलिअ‍ॅक रुग्णांत याच द्रव्याची उणीव वारंवार दिसते. मुंबईतील स्त्रियांच्या ताटातच ते अपुरे होते. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मुलाच्या ताटात ते असेल, पण शरीरात पोहोचत नव्हते. उणीव तीच, वाटा दोन. केवळ उणीव भरून काढणारा वैद्य दुसऱ्या वाटेवरचा खड्डा बुजवू शकत नाही.

१२/१६
तो खड्डा शोधला नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. १९३० च्या दशकात ते द हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयात होते. आहारातून पाव काढला की आपल्या मुलाच्या अंगावरचे पुरळ ओसरते, असे एका मातेने सांगितले आणि त्यांचे लक्ष वेधले गेले. एका आईचे म्हणणे त्यांनी गांभीर्याने घेतले. गव्हाविना आहाराचे प्रयोग सुरू झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी याविषयी डच वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेही.

१३/१६
पुढे १९४४-४५ चा ‘उपासमारीचा हिवाळा’ आला. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाल्ले, हजारो माणसे दगावली. अशा काळात सीलिअ‍ॅक मुलांची प्रकृती मात्र पाव नसल्याने बिघडली नाही, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती ढासळली. डिके यांच्या अनुमानाला याने बळ दिले.

१४/१६
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. ‘दुष्काळ पडला आणि योगायोगाने शोध लागला’ असे सर्वत्र सांगितले जाते. ही कथा आकर्षक आहे, पण कालक्रम तिच्या विरुद्ध जातो. १९४१ चा लेख १९४४ च्या हिवाळ्याआधीचा आहे. उपासमारीने शोध लावला नाही, तिने आधीच्या शोधाला पुष्टी दिली. ‘योगायोग’ म्हटले की अनेक वर्षांचे चिकाटीचे काम आणि त्या मातेचे निरीक्षण, दोन्ही पुसली जातात.

१५/१६
१९५० मध्ये डिके यांचा प्रबंध उट्रेख्त विद्यापीठात सादर झाला. व्हान डे कामर यांनी मलातील मेद मोजण्याची पद्धत विकसित केली होती. तिच्यामुळे गहू दिल्यावर मेदाचे शोषण किती बिघडते, हे आकड्यांत दाखवता आले. वैद्य वायर्स हेही या कामात होते. गव्हाचा स्टार्च निर्दोष निघाला. दोष प्रथिनांत, म्हणजे ग्लुटेनमध्ये होता. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनीही याला दुजोरा दिला. १९५४ मध्ये पॉली यांनी आतड्याच्या अस्तरातील बिघाड दाखवला आणि १९५६ मध्ये मार्गो शायनर यांच्या नळीमुळे शस्त्रक्रियेविना त्या अस्तराचा तुकडा काढता येऊ लागला. उणिवांचे कारण अखेर सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

१६/१६
ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. या रोगाच्या रुग्णासाठी आजीची भाकरी हे तयार पथ्यच आहे (बांधणी हिंगात मात्र अनेकदा गव्हाचे पीठ असते). पण गहू सोडला म्हणजे सारे संपले, असे नाही. अमेरिकेत १९९८ पासून समृद्ध केलेल्या धान्य-पिठांत फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे आहे, तर ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थांत ते बहुधा नसते. त्यामुळे केवळ अशा पाकिटांवर राहिल्यास लोह, फोलेट आणि तंतू कमी पडू शकतात, म्हणजे पथ्यातूनच नवी उणीव जन्मते. आजही कुणाला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि लोह अंगी का लागत नाही, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. हास यांची चूक म्हणूनच जुनी झालेली नाही. उपाय लागू पडला, एवढ्यावरून त्याचे कारण कळले असे होत नाही. संशय असेल तर गहू स्वतःहून बंद करण्यापूर्वी तपासणी करून घ्या, कारण तो सोडल्यावर चाचण्या फसवू शकतात.

धागा येथे संपवते. शंका आणि दुरुस्त्या खाली जरूर लिहा.