हॉस्टेलवरचा ताप



मागच्या आठवड्यात पुण्याहून नातीचा फोन आला. ती हॉस्टेलवर राहून शिकते. आवाज पार बसलेला. "काही नाही गं आजी, जरा सर्दी आहे." खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन दिवस ताप होता. मेडिकलमधून गोळी आणली, बिस्किटावर घेतली आणि सबमिशन होतं म्हणून तशीच कॉलेजला गेली. आईला सांगितलं नाही, कारण "ती उगाच काळजी करते."

शिकायला घर सोडलेली मुलं असंच करतात. आपल्याकडेही हे जुनंच आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतली आपली मुलं ट्रंक घेऊन शहरात आली. त्या ट्रंकेत आई काय भरत असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको. ओवा, हळकुंड, सुंठ. आलं कंदमूळ म्हणून नाही, पण वाळलेली सुंठ चालते. मधही नाही, म्हणून काढ्यात गूळ. पुढे त्यात अमृतांजनची बाटली आली. हा बाम १८९३ साली मुंबईतच सुरू झाला. औषधं बरोबर असायची. नसायचं ते कपाळावर हात ठेवणारं माणूस.

ते माणूस कसं असतं, हे आपल्याच समाजातल्या एका बाईने दाखवलं. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात शिकायला होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. पण या मुलांच्या त्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. अशा बाईने रात्री कण्हणाऱ्या पोराला "सकाळी बघू" म्हटलं नसणार. १९३० साली त्या गेल्या.

मला "सकाळी बघू" ऐकायला मिळालं होतं. १९७९ साल, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. दुपारी अंगात ताप भरला, झोप लागली आणि अंथऊ चुकला. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. घसा कोरडा पडलेला, पण मी पाणीही घेईना, गोळीही घेईना. रेक्टरबाई दारातून बघून गेल्या. माझी खोलीतली मैत्रीण कोकणातली, मासे खाणारी. तिने मला आग्रह केला नाही की हसलीही नाही. रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत बसली. सूर्य उगवल्यावर पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला आणि रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. दोन दिवसांनी तिचाच पेपर होता.

आई आली तेव्हा मला वाटलं, नियम पाळला म्हणून शाबासकी देईल. ती म्हणाली, "सोळा भावनांत शक्तितस्तप आहे, ते विसरलीस. आपली शक्ती बघून तप करायचं. आणि वैयावृत्त्यही त्यातच आहे. ते त्या मुलीने केलं."

आजाऱ्याजवळ बसण्याला किती मोल आहे, ते १९७१ साली बंगालमध्ये दिसलं. बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून द्यायला सुरुवात केली. पाजणारे हात कुणाचे? बऱ्याचदा आजाऱ्याच्याच नातेवाइकांचे. पेल्यापेल्याने पाजत बसले आणि हजारो जीव वाचले. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएस याच तत्त्वावरचं.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दानं आपण रोज म्हणतो. औषधदान म्हणजे दवाखान्याला पावती फाडणं एवढंच नाही. मुलगी हॉस्टेलवर निघाली की थर्मामीटर, ओआरएस, सुंठ तर द्याच. कॅप्सूलचं वेष्टण बऱ्याचदा प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं. तेव्हा डॉक्टरांना गोळी किंवा सिरप मिळेल का विचारायला शिकवा, पण औषध टाळायला शिकवू नका. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर, हेही सांगा.

नातीला मी रागावले नाही. विचारलं, "शेजारच्या पलंगावरची मुलगी कधी आजारी पडली तर तू काय करतेस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, तिलाही काल कणकण होती. बघून येते."