साउथ सिडनी रॅबिटोज : क्लबची पुनर्बांधणी

ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक रग्बी लीगमधील एक जुना क्लब. स्थापना १७ जानेवारी १९०८ रोजी सिडनीच्या रेडफर्न उपनगरातील टाउन हॉलमध्ये झाली. १९९९ च्या अखेरीस राष्ट्रीय स्पर्धेतून वगळला गेलेला हा क्लब २००२ मध्ये परतला व २०१४ मध्ये विजेता ठरला. गणवेशाचे रंग लाल व हिरवा. ‘रॅबिटोज’ हे नाव दारोदार ससे विकणाऱ्यांच्या आरोळीवरून पडले असे मानतात; ते क्लबला नेमके कसे चिकटले, याबाबत एकमत नाही.

पार्श्वभूमी : खेळाडूंना मोबदला देण्याच्या प्रश्नावरून रग्बी युनियनपासून वेगळा झालेला रग्बी लीग हा खेळ प्रत्येकी तेरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. १९०८ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या स्पर्धेचा पहिला विजेता हाच क्लब होता. १९२५ ते १९३२ या आठ हंगामांत त्याने सात, १९५० ते १९५५ मध्ये पाच आणि १९६७ ते १९७१ मध्ये चार विजेतेपदे मिळवली. १९७१ अखेर एकूण विजेतेपदे २० झाली. त्यानंतर आर्थिक ओढाताण वाढली आणि नामवंत खेळाडू इतर क्लबांकडे गेले. १९८९ मध्ये साखळीत अव्वल आलेला संघ १९९० मध्ये तळाला गेला.

वगळणूक व न्यायालयीन लढा : प्रक्षेपणहक्कांवरून न्यूज लिमिटेड ही माध्यम कंपनी व ऑस्ट्रेलियन रग्बी लीग यांच्यात १९९५ पासून संघर्ष पेटला. १९९७ मध्ये दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या तडजोडीतून १९९८ मध्ये नॅशनल रग्बी लीग ही वीस क्लबांची एकत्रित स्पर्धा सुरू झाली; मात्र २००० पर्यंत क्लबांची संख्या १४ वर आणण्याचे ठरले होते. त्यामुळे काही क्लबांनी विलीनीकरण पत्करले, उदा., सेंट जॉर्ज व इलावारा, बालमेन व वेस्टर्न सबर्ब्स. साउथ सिडनीचे अध्यक्ष व माजी खेळाडू जॉर्ज पिगिन्स यांनी विलीनीकरण नाकारले. ऑक्टोबर १९९९ मध्ये क्लबला वगळण्यात आले. पाठीराख्यांनी सिडनीत मोर्चे काढले. नोव्हेंबर २००० मधील मोर्चाची उपस्थिती सुमारे ८० हजार सांगितली जाते.

चौदा संघांची अट १९७४ च्या व्यापार व्यवहार कायद्यातील ‘बहिष्कारक तरतूद’ ठरते काय, हा क्लबने दाखल केलेल्या खटल्यातील कळीचा मुद्दा होता. फेडरल न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी नोव्हेंबर २००० मध्ये क्लबचा दावा फेटाळला. पूर्णपीठाने ६ जुलै २००१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने क्लबचे अपील मान्य केले आणि २००२ च्या हंगामात क्लबला प्रवेश मिळाला. उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायपीठ) ऑगस्ट २००३ मध्ये चार विरुद्ध एक मताने निकाल फिरवला. क्लबांना वगळणे हा नव्हे, तर स्पर्धा टिकेल अशा आकाराची करणे हा अटीचा हेतू होता, असे बहुमताचे म्हणणे होते. क्लब कायद्याच्या लढाईत हरला, पण स्पर्धेत राहिला.

मालकीतील बदल : स्पर्धेत जागा मिळाली तरी संघ दुबळाच होता, २००३, २००४ व २००६ मध्ये तो तळाला राहिला. अभिनेता रसेल क्रो व उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी ७५ टक्के हिस्सा ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना घेण्याचा प्रस्ताव मांडला. पिगिन्स यांनी त्यास विरोध केला. १९ मार्च २००६ रोजी सदस्यांच्या मतदानात आवश्यक ७५ टक्क्यांच्या तुलनेत ७५.८ टक्के मते अनुकूल पडली. उरलेला २५ टक्के हिस्सा सदस्यांकडे राहिला.

संघबांधणी : सर्व क्लबांना एकच पगारमर्यादा लागू असल्याने केवळ पैशाच्या बळावर संघ उभा करता येत नाही. २००७ साठी रॉय असोटासी, डेव्हिड किडवेल हे अनुभवी खेळाडू आणले गेले व संघ १९८९ नंतर प्रथमच अंतिम टप्प्यात पोहोचला. २०१० मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड बुल्सकडून सॅम बर्जेस आला, पाठोपाठ त्याचे तीन भाऊही आले. २०११ मध्ये ग्रेग इंग्लिस दाखल झाला. २०१२ मध्ये प्रशिक्षक झालेल्या मायकेल मॅग्वायर यांच्या पहिल्या दोन्ही हंगामांत संघ उपांत्य सामन्यात हरला. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ८३,८३३ प्रेक्षकांसमोर त्याने कँटरबरीला ३०–६ असे हरवून ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवले. गालाचे हाड मोडलेले असताना खेळलेला सॅम बर्जेस सामनावीर ठरला.

सामाजिक कार्य : ‘साउथ केअर्स’ ही क्लबशी संलग्न धर्मादाय संस्था आहे.

नंतरची वाटचाल : २०२१ च्या अंतिम सामन्यात पेनरिथकडून १४–१२ असा निसटता पराभव झाला. विजेतेपदांची संख्या २१ असून २०१४ नंतर तीत भर पडलेली नाही.