माळावरच्या झोपड्या आणि औषधाची मर्यादा

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं ग्रंथिक ज्वराचे पहिले रोगी ओळखले. पुढील दोनतीन वर्षांत ही साथ दक्षिण महाराष्ट्रांत पसरून कोल्हापूर संस्थानांतही शिरली. दुष्काळानें तेथील रयत आधींच खचली होती. आणि १८९४ सालीं गादीवर आलेले शाहू छत्रपति अद्याप पंचविशीच्या आंतबाहेर होते.

त्या काळीं प्लेगवर खात्रीचें औषध नव्हतें. उंदीर पडूं लागले, कीं घर सोडून गांवाबाहेर माळावर झोपडींत राहावयाचें, हाच मुख्य उपाय. संस्थानानेंही त्याचाच अवलंब केला. रोगाचा जंतु येर्सिन यांनीं १८९४ मध्यें हाँगकाँगला शोधला होता. परंतु उंदरावरील पिसू हा रोग माणसाला देते, हें सिमों यांनीं कराचींत दाखविलें तें १८९८ सालीं, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. माळावर जाणाऱ्या कुटुंबाला कारण ठाऊक नव्हतें. तरी मेलेला उंदीर सोडून नवें रक्त शोधणाऱ्या पिसवांपासून तें दूर जात होतें.

मात्र भरलें घर सोडण्यास विश्वास लागतो. १८९७ सालीं पुण्यांत सोल्जरांकरवीं घरझडत्या झाल्या. लोक रोगाइतकेच अधिकाऱ्यांना भिऊं लागले, रोगी लपवूं लागले. आणि २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. उलट हाफकीन यांनीं त्याच वर्षीं आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें आणि प्लेग बरा होऊं लागला. माळावरच्या झोपड्या विस्मरणांत गेल्या. परंतु १९९५ सालीं मादागास्करमधील एका रोग्याच्या शरीरांत जो प्लेगचा जंतु आढळला, त्यावर स्ट्रेप्टोमायसिनसह अनेक औषधें निष्प्रभ ठरलीं. औषधानें दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात व वाढतात. शिवाय ही प्रतिकारशक्ति एका जातीचे जंतु दुसरीलाही देऊं शकतात. साध्या पडशावर विनाकारण घेतलेली गोळीही या चिवटांनाच वाव देते. मग ज्याला तिची खरी निकड असते, त्याच्या उशाशीं ती असून नसल्यासारखी होते.

औषध हा संचित ठेवा आहे. उधळला तर सरतो. तो सरला, तर स्वच्छता, लस, रोग्याची वेळींच वेगळी व्यवस्था आणि परस्परविश्वास एवढेंच हातीं उरेल. कोल्हापूरच्या माळावर गेलेल्या त्या कुटुंबांपाशीं यांतलेंही सारें नव्हतें.