अपिलांची वाट : बेळगाव-निपाणी भागातील न्यायालयीन इतिहासाचे एक पान

देवस्थानाचा इतिहास जसा शिलालेखांत व जुन्या सनदांत सापडतो, तसाच तो न्यायालयांच्या दप्तरांतही दडलेला असतो. जमिनी, वहिवाट, उत्पन्न व मानपान यांविषयीचे किती तरी वाद तेथे निवाड्यास आले. त्यांतील काही पुराव्याअभावी हरले. परंतु काही केवळ पुकारा झाला तेव्हा कोणी उभे नव्हते म्हणून संपले. या दुसऱ्या प्रकाराकडे महाजनांचे लक्ष क्वचितच जाते.

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला आणि १८३६ साली बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८५९ च्या दिवाणी संहितेने कामकाजाला शिस्त आणली. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले आणि बेळगाव जिल्ह्यातील अपिले तेथे जाऊ लागली. पुढे १९०८ च्या संहितेतील आदेश ४१, नियम १७ याने स्पष्ट केले, की सुनावणीच्या दिवशी अपीलदार हजर नसल्यास न्यायालय अपील काढून टाकू शकते. उलट प्रतिवादी गैरहजर असेल, तर अपील एकतर्फी चालते. अपील असे निघाले, की खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा कायम होतो. मग अपिलातील मुद्दा कितीही बळकट असो.

गोव्यातून या भागात येऊन स्थिरावलेल्या महाजन कुटुंबांना ही कल्पना नवी नव्हती. पोर्तुगीज कायद्यातही अपीलदाराने खर्च भरला नाही वा आपले म्हणणे मांडले नाही, तर अपील ‘देझेर्तु’, म्हणजे ओसाड पडलेले, मानले जाई. शब्द बोलका आहे. दावा मरत नाही. त्याला सोडून धनी निघून जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि अपिलांची वाट मुंबईऐवजी बंगळूरकडे वळली. बेळगावहून बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. निपाणीकरांना त्याहून अधिक. वकील नवे आणि जुनी कागदपत्रे बहुधा मराठीत, काही मोडीत. त्यांचे भाषांतर करणे, वकीलपत्र धाडणे, तारखेची खबर ठेवणे, हे सारे टपालावर अवलंबून. अशा अंतरात एखादी तारीख हुकणे कठीण नव्हते.

कायद्याने मात्र दार अगदीच बंद केले नाही. नियम १९ अन्वये पुरेसे कारण दाखविल्यास अपील पुन्हा दाखल करून घेता येते. त्यासाठी अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे आणि विलंब माफही होऊ शकतो. १९७६ च्या दुरुस्तीने असेही ठरविले, की अपीलदार गैरहजर असता न्यायालयाने गुणदोषांवर अपील फेटाळू नये. १९८१ साली ‘रफीक विरुद्ध मुन्शीलाल’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वकील नेमून निश्चिंत राहिलेल्या खेडुताला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा होऊ नये. परंतु १९९३ च्या ‘सलील दत्ता’ प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले, की हे सर्वांसाठी सरसकट कवच नव्हे. जाणत्या पक्षकाराने आपल्या दाव्याची काळजी स्वतः वाहिली पाहिजे.

महाजन मंडळांना दुसरा धोका मृत्यूचा. व्यक्तीच्या नावे चाललेल्या अपिलात अपीलदार निवर्तला आणि ९० दिवसांत वारसांची नावे लावण्याचा अर्ज झाला नाही, तर त्याच्यापुरते अपील आपोआप संपते. ते उठविण्यासाठी पुढे ६० दिवस मिळतात. वडीलधाऱ्या महाजनाच्या दुःखात घर बुडालेले असता न्यायालयाची मुदत कोणाच्या ध्यानी येणार? म्हणूनच अनेकांच्या हिताचा दावा प्रातिनिधिक स्वरूपात चालविण्याची सोय कायद्याने ठेवली आहे.

२००८ साली धारवाड येथे उच्च न्यायालयाचे संचारी पीठ सुरू झाले व २०१३ साली ते कायम झाले. बेळगावकरांचे अंतर सुमारे ८० किलोमीटरवर आले. पण वाट आखूड झाली म्हणून जबाबदारी आखूड होत नाही. देव स्वतः न्यायालयात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने माणसांनीच उभे राहावे लागते. मंडळाच्या दप्तरात प्रत्येक दाव्याचा क्रमांक, पुढील तारीख, वकिलाचा पत्ता व मूळ कागदांची जागा यांची नोंद असणे आणि कार्यकारिणी बदलताना ती वही नव्या मंडळीच्या हाती सोपविणे, हीही देवाची सेवाच होय. पूर्वजांनी श्रीचरणी वाहिलेले पुढील पिढीच्या हाती अखंड जावे, यासाठी एवढी जागरूकता पुरेशी आहे.