फॉर्ममागे ऐंशी रुपये : कमिशनवाल्यांच्या धंद्याचा थोडा इतिहास

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा आमच्या भागातल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासच्या सरांचा फोन आला. "अहो, मुंबईचं एक नेटवर्क आहे. म्हणतात जाहिरातीला एक रुपया खर्च करू नका. आम्ही मुलांची नावं-नंबर देतो, फॉर्म भरलेल्या प्रत्येक मुलामागे फक्त ऐंशी रुपये द्या. घेऊ का?" मी म्हटलं, सर, दोन दिवस थांबा.

थांबा म्हटलं कारण २०१९ मध्ये मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. माझ्याच एका गिऱ्हाइकासाठी ३०० लीड घेतल्या होत्या, साठ रुपयांनी एक. एक्सेल शीट बघून जीव सुखावला. नाव, नंबर, गाव, "एमपीएससीमध्ये रस : होय". मग फोन लावायला बसलो. निम्मे नंबर बंद. एक नंबर जळगावच्या सत्तरीतल्या आजोबांचा निघाला. ते म्हणाले, "बाळा, मी तर फुकट रिचार्जचा फॉर्म भरला होता, रिचार्ज कधी येणार?" नेटवर्कवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, फॉर्म भरला ना माणसाने, मग लीड व्हॅलिड. अठरा हजार गेले ते गेलेच. पण ते आजोबा डोक्यातून जाईनात, म्हणून हा प्रकार मुळात आला कुठून ते शोधत गेलो.

सुरुवात तशी सज्जन आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत विल्यम टोबिन नावाच्या माणसाने 'प्रॉडिजी' या ऑनलाइन सेवेवर फुलांचं दुकान टाकलं, 'पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स'. गुच्छ विकला गेला की प्रॉडिजीला त्यातला वाटा. १९९३ पर्यंत हे दुकान वर्षाला ६० लाख डॉलरच्या वर धंदा करत होतं. मग १९९४ मध्ये सीडी विकणाऱ्या 'सीडीनाऊ'ने आणि जुलै १९९६ मध्ये अॅमेझॉनने हीच कल्पना सगळ्यांसाठी खुली केली. तुमच्या पानावर आमच्या पुस्तकाची लिंक लावा, कोणी घेतलं तर तुम्हाला टक्केवारी. आपल्याला यात नवीन काय? मार्केट यार्डातल्या अडत्याला माल विकला गेल्यावर अडत मिळते, तसंच हे. फरक इतकाच की अडत्या समोर बसलेला असतो, त्याचा गाळा नंबर आपल्याला माहीत असतो, आणि शेवग्याची जुडी कोणी खोटी आणून टाकू शकत नाही.

इंटरनेटवर गाळा दिसत नाही. मग दुकानदार आणि लिंक लावणारे यांच्या मध्ये हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांना म्हणायचं नेटवर्क. आणि हळूहळू पैसे कधी द्यायचे ते ठिकाण मागे मागे सरकलं. आधी विक्री झाल्यावर. मग नुसता फॉर्म भरल्यावर. मग नुसतं क्लिक केल्यावर. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. विक्री खोटी करायला खिशातून पैसे घालावे लागतात. फॉर्म खोटा करायला फक्त बोटं लागतात, आणि आता तर तीही लागत नाहीत.

तरी विक्रीवर कमिशन म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. ईबेचं प्रकरण बघा. शॉन होगन आणि ब्रायन डनिंग हे ईबेला सर्वांत जास्त 'गिऱ्हाईक आणून देणारे' पहिल्या दोन नंबरचे भागीदार. होगनला सुमारे २.८ कोटी डॉलर कमिशन मिळालं, डनिंगच्या कंपनीला ५० लाखांच्या वर. पण त्यांनी गिऱ्हाईक आणलंच नव्हतं. लोकांच्या ब्लॉगवर लावायची छोटी फुकट साधनं त्यांनी वाटली होती, तुमच्या पानाला कुठून कुठून लोक भेट देतात ते दाखवणारी वगैरे. ते पान कोणी उघडलं की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप ईबेची कुकी जाऊन बसायची, म्हणजे 'हे गिऱ्हाईक होगनने पाठवलं' अशी चिठ्ठी. जाहिरात दिसलेली नाही, क्लिक केलेलं नाही. तो माणूस पुढे आपल्या मनाने ईबेवर जाऊन काही घ्यायचा आणि कमिशन होगनला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ईबेने कोर्टात असाही आरोप केला की ही कुकी सॅन होजे आणि सांता बार्बरा या दोन गावांतल्या कॉम्प्युटरवर टाकलीच जात नव्हती. का? तर सॅन होजेला ईबेचं मुख्यालय आणि सांता बार्बराला त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या नेटवर्कचं. चोराला पोलीस चौकीचा पत्ता पक्का ठाऊक असतो तो असा.

२००८ मध्ये ईबेने दावा लावला, २०१० मध्ये फौजदारी आरोप झाले, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये होगनला पाच महिने, डनिंगला पंधरा महिने कैद झाली. हा डनिंग खोट्या समजुतींचं पितळ उघडं पाडणाऱ्या एका प्रसिद्ध पॉडकास्टचा कर्ता. असो.

आता माझ्या जळगावच्या आजोबांकडे येऊ. त्यांचा पूर्वज मला २००८ मध्ये सापडला. 'व्हॅल्यूक्लिक' ही जाहिरात क्षेत्रातली बडी कंपनी. तिच्या उपकंपनीच्या जाहिराती असायच्या की तुम्हाला महागडी वस्तू फुकट मिळणार. माणूस आत शिरला की एकामागून एक ऑफर, ही घ्या, ती घ्या, त्यातल्या काही पैसे भरायच्या. 'फुकट' वस्तू हातात पडायची तर आधी त्यातून पार व्हायचं. फॉर्म मात्र पहिल्याच पायरीला भरून घेतलेला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, मार्च २००८ मध्ये तडजोडीत २९ लाख डॉलर वसूल केले. आमिष दाखवून भरून घेतलेला फॉर्म, हा या धंद्यातला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जास्त चालणारा माल.

पण ज्या खटल्याने नेटवर्कवाल्यांची झोप उडवली तो 'लीडक्लिक'चा. 'लीनस्पा' नावाची कंपनी वजन कमी करायच्या गोळ्या विकायची. फुकट ट्रायल म्हणायचं आणि नंतर कार्डावरून पैसे कापत राहायचं, असा प्रकार. तिला एकेका गिऱ्हाइकामागे लीडक्लिकला साधारण ३५ ते ४५ डॉलर द्यावे लागत. लीडक्लिकच्या हाताखालचे अफिलिएट काय करत? खोटी बातमीची पानं. वर चॅनेलसारखा लोगो, खाली 'आमच्या वार्ताहराने स्वतः गोळ्या घेऊन पाहिल्या', त्याखाली वाचकांच्या खोट्या प्रतिक्रिया. तिथवर लोकांना आणायला लीडक्लिक खऱ्या बातम्यांच्या साइटवर जागा विकत घेऊन या लोकांना पुन्हा विकायची.

कोर्टात लीडक्लिकचा बचाव तोच, जो मला २०१९ मध्ये फोनवर ऐकवला गेला. आम्ही फक्त मध्यस्थ, पानं आम्ही लिहिली नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे उडवून लावलं. तुम्हाला माहीत होतं, थांबवायचा अधिकार तुमच्याकडे होता, तरी थांबवलं नाही, म्हणजे फसवणूक तुमचीही. १ कोटी १९ लाख डॉलर परत करायचा आदेश कायम झाला. "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत" हे वाक्य आपल्याकडे उठता-बसता ऐकू येतं, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यात आपण धंदेवाल्याच्या नुकसानीचं बोलतोय. फॉर्म भरणाऱ्याचं काय होतं ते त्याहून वाईट. 'लीपलॅब' नावाच्या कंपनीवर एफटीसीने डिसेंबर २०१४ मध्ये दावा केला. अडीनडीला छोटं कर्ज हवं असलेले लोक वेबसाइटवर अर्ज भरत. नाव, पत्ता, बँक खात्याचा नंबर, सगळं. लीपलॅब ते अर्ज विकत घ्यायची. कर्ज देणाऱ्यांना जेमतेम पाच टक्के अर्ज गेले. उरलेले पंचाण्णव टक्के साधारण अर्ध्या डॉलरला एक या भावाने भलत्यांनाच विकले गेले, आणि त्यातल्या एकाने अर्जदारांच्या खात्यांतून परस्पर पैसे काढले, असं त्या तक्रारीत म्हटलंय. २०१७ मध्ये 'ब्लू ग्लोबल'चं असंच प्रकरण. दीड कोटीच्या वर अर्ज, एकेक लीड २०० डॉलरपर्यंत विकलेली, खऱ्या सावकाराकडे पोचलेले अर्ज नगण्य. १० कोटी ४० लाख डॉलरच्या वर दंडाचा निकाल लागला, पण भरायची ऐपतच नाही म्हणून तो स्थगित ठेवला गेला. वसुलीचं तिकडेही आपल्यासारखंच दिसतंय.

अर्ध्या डॉलरला विकली गेलेली ती माणसं कोण होती? ज्यांना पुढच्या आठवड्याचं घरभाडं भरायचं होतं ती. आपल्याकडे लोन अॅपवाल्यांनी लोकांना छळून जीव नकोसा केला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले. अॅपने माहिती गरजेपुरतीच आणि संमतीने घ्यायची, कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करायचे, वगैरे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. कागदावर संमती आली. पण 'मी अटी वाचल्या आहेत' यावर टिक करून पुढे जाणारे आपण सगळेच, मीसुद्धा.

आणि क्लिकचा खेळ आपल्याकडे किती टोकाला गेला ते आठवतं का? फेब्रुवारी २०१७, नोएडाचं 'सोशल ट्रेड'. आधी पैसे भरून सभासद व्हा, मग घरबसल्या लिंकवर क्लिक करा, क्लिकमागे पाच रुपये. पोलिसांनी आकडा सांगितला सुमारे ३,७०० कोटींचा. तिथे जाहिरातदार जवळपास नव्हतेच, नव्या सभासदाचे पैसे जुन्याला. कामाला लागण्याआधी तुमच्याकडूनच पैसे मागतो तो अफिलिएट धंदा नव्हे, हे तेव्हापासून मी भेटेल त्या पोराला सांगत आलोय. तरी दर वर्षी कोणीतरी पाच-दहा हजार भरून येतोच.

तर सरांना मी काय सांगितलं? पहिलं, त्याला विचारा की हा फॉर्म नेमका कुठल्या पानावर भरला गेला, ते पान उघडून दाखव. तारीख आणि वेळ दे. दुसरं, तू स्वतः मुलं आणतोस की आणखी कोणाकडून घेऊन मला देतोस? मध्ये चार हात असतील तर तक्रार कोणाच्या दारात न्यायची? हाच नंबर शेजारच्या क्लासलाही विकणार का, तेही लेखी घ्या. आणि ऐंशी रुपये फॉर्मला नको, फोन उचलून "हो, मी चौकशी केली होती" म्हणणाऱ्या मुलाला द्या. हवं तर दीडशे द्या. आधी वीसच नंबर घ्या, ऑफिसातल्या मॅडमना न लावता स्वतः फोन करा. घराच्या लीड विकत घेणाऱ्या एजंट मित्रांनो, तुमच्यासाठी जादा एक : १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लागतो. नेटवर्कच्या पानावर तो नसेल तर तिथून आलेल्या लीडला हातच लावू नका, भाव कितीही कमी असो.

काल संध्याकाळी सरांचा पुन्हा फोन. नेटवर्कवाल्याने पान दाखवायला नकार दिला, म्हणाला "सर, कंपनी पॉलिसी नाही." वर ऑफर मात्र ऐंशीवरून पंचेचाळीसवर आणली. सरांनी नाही म्हटलं. रविवारी त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात फुकट व्याख्यान ठेवलं होतं. दारात एक वही ठेवली होती. त्रेचाळीस नावं आली, आपापल्या हस्ताक्षरात, दोघांनी तर नंबरापुढे "संध्याकाळी सहानंतर फोन करावा" असंही लिहिलंय.