मुकादम (मुंबईचे डबेवाले)

मुकादम : मुंबईत घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या डबेवाल्यांच्या गटाचा प्रमुख. अरबी ‘मुकद्दम’ (पुढे असलेला) या शब्दावरून आलेली ही संज्ञा मराठीत मजुरांच्या टोळीवरील माणसासाठीही रूढ आहे. मात्र ऊसतोडणीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन मजूर बांधून घेतो, तर डबेवाल्यांचा मुकादम स्वतः गटातील एक भागीदार असतो.

पूर्वपीठिका : हा व्यवसाय १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केल्याचे मानले जाते. बहुसंख्य डबेवाले पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले असून नात्यागोत्याच्या ओळखीनेच नवा माणूस गटात येतो.

कार्यपद्धती : साधारण पंचवीस जणांचा गट स्वतःचे ग्राहक, दर व हिशेब स्वतः सांभाळतो आणि खर्च वजा जाता उरलेली मिळकत सर्वांत सारखी वाटून घेतो. सकाळी घरोघरचे डबे स्टेशनावर आले की मुकादम झाकणावरील खुणा पाहून ते उतरण्याच्या स्टेशनांप्रमाणे वेगळे लावतो. पूर्वी रंगीत दोऱ्यांच्या असलेल्या या खुणा पुढे रंगाने काढलेल्या अंक-अक्षरांच्या झाल्या. त्यांत उतरण्याचे स्टेशन, इमारत, मजला इत्यादी असते, ग्राहकाचे नाव नसते. लोकल गाडी मधल्या स्टेशनावर जेमतेम वीस सेकंद थांबते, तेवढ्यात पाटी (डबे ठेवण्याची लांब लाकडी चौकट) गाडीच्या डब्यात चढवावी लागत असल्याने आधीच्या लावणीतील चूक पुढे निस्तरता येत नाही. ऐनवेळी कोणी कमी पडू नये म्हणून गटात काही माणसे जादा ठेवतात. गैरहजेरी किंवा कामावर टोपी न घालणे यांसाठी दंड असतो. ग्राहकांशी होणारे तंटेही मुकादमच मिटवतो. त्याचा अधिकार टिकतो तो मुख्यतः समान वाट्यामुळे, कारण डबा चुकून ग्राहक तुटला तर तोटा त्यालाही इतरांइतकाच बसतो.

मूल्यमापन : हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. साठ लाख किंवा एक कोटी साठ लाख डब्यांमागे एक चूक, असे आकडे प्रचलित असले, तरी त्यांमागे पद्धतशीर मोजणी असल्याचे दिसत नाही.

स्त्रिया : गटांत स्त्रियांचे प्रमाण अत्यल्प आहे.

सद्यःस्थिती : २०२० च्या कोविड टाळेबंदीत लोकल बंद पडल्याने काम थांबले, पुढे घरून काम करण्याची पद्धत रुळल्यामुळे ग्राहकसंख्या घटली.